पोरगी अडाण्याला दिली म्हणे

माई परत आल्याचं मला त्यांच्या गच्चीवरच्या दोरीवरून कळलं. नऊ आठवडे ती दोरी नुसती वाऱ्यावर हलत होती. बुधवारी सकाळी बघते तर तिच्यावर तीन साड्या, एक स्वेटर आणि कुठल्यातरी परमुलखातला जाडजूड टॉवेल. मी गॅस बारीक केला आणि थेट कंपाउंडपाशी गेले.

आमच्या दोन घरांमधली भिंत साडेचार फुटांची आहे. पिंप्राळ्यात प्लॉट घेतले तेव्हा दोन्हीकडच्या पुरुषांनी ती सात फुटांची ठरवली होती. गवंडी साडेचारवर आला त्या दिवशी आम्ही दोघींनी त्याला चहा पाजला, आणि वरच्या विटांचं सांगायचं राहूनच गेलं. भिंतीवरची फरशी आता आमच्या कोपरांनी गुळगुळीत झालीय.

"आल्या का वं माई?"

"आले ना माय. रात्री दीडले उतरलो टेसनावर. डोळ्यांत अजून झोप आहे." माईंनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या खांद्यावरून आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. "सूनबाई दिसली नाई सकाळपासून?"

"गेलीय धुळ्याला. येईल." मी म्हटलं. "तुम्ही आधी लेकीचं सांगा."

लेकीचं सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. माईंची पोर कृषी अभियांत्रिकी शिकली, ठिबकच्या कामात लागली आणि त्या कामावरून तुर्कस्तानात गेली. गावाचं नाव अदाना. आमच्या गल्लीत ही बातमी भाजीच्या गाडीवरून आली तोवर तिचं "पोरगी अडाण्याला दिली म्हणे" असं झालं होतं. मी देवपूरच्या नणंदेला फोनवर तसंच्या तसं सांगितलं. ती हळहळली, "एवढी शिकेल पोर, आन् अडाण्याले?" खरं काय ते कळायला आम्हाला पंधरा दिवस लागले. अडाणी कोणी नव्हतं. तिच्याच ऑफिसात पंपांचं काम बघणारा इंजिनिअर होता, तिथलाच.

मग गल्लीनं दुसरा प्रश्न काढला. तोंडावर कोणी विचारला नाही, भिंतीवर मात्र मी विचारला. शेजारीण कशासाठी असते? "माई, ते लोक चार करतात ना?" माईंनी तेव्हा मला जे ऐकवलं ते मी पुढे निदान दहाजणींना ऐकवलंय. तिथं १९२६ पासून नागरी कायदा आहे, स्वित्झर्लंडच्या कायद्यावरून घेतलेला. बायको एकच, आणि लग्न सरकारी अधिकाऱ्यापुढे लावलेलंच खरं. धर्म बदलायची अट नाही. पोरीनं जन्माचा दाखला आणि अविवाहित असल्याचं पत्र इथून अपॉस्टिलचा शिक्का मारून नेलं, तिथं शपथेच्या दुभाष्याकडून तुर्कीत करून घेतलं, नोटरीचा शिक्का घेतला, की झालं. लाल झग्यातला अधिकारी आला, दोघांना विचारलं, सह्या झाल्या, आणि पोरीच्या हातात लाल पुठ्ठ्याची एक चिमुकली वही पडली. सही करताना पोरीनं नवऱ्याच्या पायावर पाय दिला. तिथं म्हणे जो आधी पाय देतो त्याचं घरात चालतं. व्हिडिओत तेवढं बघून माईंचा जीव भांड्यात पडला.

जावई पहिल्यांदा जळगावला आला तेव्हा आख्खी गल्ली भिंतीवर होती. परदेशी पाहुणा घरात उतरला की २४ तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते, तो फॉर्म सी माझ्या मुलानंच भरून दिला होता. तो तेव्हा इथंच राहायचा. जावयासाठी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी केली होती. माईंनी भीत भीत ठेचा वाढला, त्यानं तो भाकरीला लोण्यासारखा लावला आणि म्हणाला, अजून तिखट नाही का? अदानाचे लोक तिखटाला भीत नाहीत हे आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक!

"पण माई, इतके दिवस परक्या मुलखात करमलं कसं?"

"परका कसला वं! विमानतळाबाहेर पाय टाकला अन् मले वाटलं, मी चोपड्याले आले. दोन्हीकडं कापसाचं रान. तिथं सेहान नदी, इथं तापी. उन्हाळ्यात आपल्यासारखंच भाजून निघतात, मग ज्याले जमेल तो तोरोसच्या डोंगरात जातो."

"तोरणमाळ?"

"तोरोस. पण तोरणमाळच समजा."

जावयाची आई, म्हणजे माईंची विहीण, जुन्या वस्तीत चौथ्या मजल्यावर राहते. पोर-जावई त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. इथं मला वाटलं, आता खरी गोष्ट सुरू होईल. मी विचारलं, सासू कशी आहे? माई हसल्या. म्हणाल्या, "सासूले तिथं कायनाना म्हणतात. नावातच नाना आहे, काय सांगू!" मग त्यांनी बोटांवर मोजत पाढा म्हटला. नणंद म्हणजे ग्योरुमजे. जाऊ म्हणजे एल्ती. साडू म्हणजे बाजानाक. मामा म्हणजे दायी, आत्या म्हणजे हाला, विहीण-व्याह्यांना द्युन्युर. पुण्यातल्या माझ्या नातवाला इंग्रजीत 'साडू' म्हणून दाखव म्हटलं तर अर्धा तास लागेल. तिथं एक शब्द टाकला की संपलं. ज्या भाषेत जावेला वेगळा शब्द आहे, तिथं जावांची भांडणंही असणारच, हे मी मनात धरलं आणि पुढं ते खरंच निघालं. विहीणबाई आपल्या एल्तीशी सहा वर्षं बोलत नाहीत. कारण एक पातेलं.

"काय सांगस वं माय!" मी धुळ्याची. नवल वाटलं की तोंडात अहिराणीच येते.

पातेल्याचं राहू द्या, खापराचं ऐका. माईंनी तिथं मांडे केले. विहिणीच्या गच्चीवर लोखंडाचा बाक आलेला गोल पत्रा आहे, त्याला साज म्हणतात. आपलं खापर कसं चुलीवर पालथं टाकतो, अगदी तसाच तो जाळावर पालथा. त्याच्यावर ती बाई युफ्का भाजते. युफ्का म्हणजे कागदासारखी पातळ मोठी रोटी. ती लाटायचं लाटणंही आपलं नव्हे. बोटाएवढं जाड, हातभर लांब, मुठी नाहीत. पीठ त्या काठीला गुंडाळायचं, हातांनी मागं-पुढं फिरवायचं, उलगडायचं, की रोटी ताटाएवढीची परातीएवढी होते. इराण, अझरबैजान वगैरे देशांच्या सोबतीनं ही रोटी करायची रीत २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली आहे. आपल्या मांड्याचं नाव कुठल्या यादीत गेलंय का, हे मी भिंतीवरून विचारलं आणि माईंनी ऐकलं नाही असं केलं.

"तिनं चार लाटल्या. मी पाहून राहिले. मग म्हटलं, सरका आता." हे सांगताना माईंनी खरंच बाह्या वर केल्या. चण्याची डाळ मिळाली नव्हती, म्हणून काबुली हरभरे शिजवून, सालं काढून, साखर घालून पुरण वाटलं. कणीक दोनदा वस्त्रगाळ केली आणि पाणी लावून लावून इतकी सैल मळली की विहीणबाईंनी पोरीला विचारलं, तुझी आई पीठ वाया का घालवतेय? माईंनी पुरणाचा गोळा भरला, दोन्ही पंजांवर घेतला आणि झुलवायला लागल्या. पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. पोळी ओघळत ओघळत खाली आली, आरपार दिसायला लागली, तुटली नाही. लाटणं नाही, पोळपाट नाही. तशीच ती त्या साजावर सोडली. विहीणबाई आपली काठी हातात धरून उभी. शेजारच्या गच्चीवरच्या दोघी कठड्याशी आल्या.

"अन् मग?"

"मग पहिला मांडा फाटला." माई कधी खोटं बोलत नाहीत, फक्त उशिरा बोलतात. "तो साज आपल्या खापरापेक्षा लई तापतो वं. दुसरा मात्र आला. तिनं एक तुकडा तोंडात टाकला अन् म्हणे, एलिनिझे सालिक."

एलिनिझे सालिक म्हणजे तुमच्या हातांना आरोग्य लाभो. स्वयंपाक करणारीला हे म्हणतातच, रोज म्हणतात, नवरे मंडळीही म्हणतात. मी ते आमच्या घरात येताजाता सांगून पाहिलं. ह्यांनी पेपरमधून मान वर केली आणि विचारलं, मीठ कमी झालं होतं का?

सगळं असं गोडगोड नव्हतं, तेही माईंनी सांगितलं, पण पटकन सांगितलं. राहायच्या परवान्याला इकामेत म्हणतात. नवरा तिथला म्हणून कुटुंबाचा मिळतो, एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षांचा. परक्याचा ओळख क्रमांक ९९ नं सुरू होतो, त्यामुळे कुठल्याही खिडकीवर नंबर सांगितला की समोरच्याला कळतं, ही बाहेरची. इथून नेलेला मोबाइल १२० दिवसांनी मुका झाला. तो तिथं कर भरून नोंदवावा लागतो आणि कर फोनच्या किमतीलाच भिडतो. पोरीनं तो फोन आता गाणी ऐकायला ठेवलाय. महागाईचं तर विचारू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकडाच ८५ टक्क्यांवर गेला होता. आणि २०२५ च्या मे महिन्यात आपल्याकडे तुर्कस्तानच्या नावानं रान पेटलं होतं. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तिथली सफरचंदं घ्यायची बंद केली. तेव्हा आमच्या गल्लीतही दोघं-तिघं माईंच्या दारावरून जाताना मान वळवून गेले. मी ते पाहिलंय, नावंही सांगेन, पण इथं नको. जावयानं फोनवर एवढंच विचारलं, सफरचंदं बंद आहेत, मी चालतो का? माई म्हणाल्या, तू ये, तुले कोण खाणार!

त्या लोकांनी फेब्रुवारी २०२३ आठवायला हवा होता. ६ तारखेला सकाळी सात वाजत आले होते, माई तुळशीला पाणी घालत होत्या, आणि लेकीचा फोन आला. तिथं पहाटेचे सव्वाचार होऊन गेले होते. घड्याळ आपल्या अडीच तास मागं. "आई, आम्ही रस्त्यावर आहोत. पायात चप्पल नाही." तिकडं जमीन हलली होती. अदानातही इमारती बसल्या. दुपारी पुन्हा जवळजवळ तेवढाच मोठा धक्का. पोर, जावई आणि विहीणबाई पाच रात्री गाडीत झोपले. माईंनी ते पाच दिवस भिंतीशी खुर्ची टाकून काढले, आणि मी या बाजूला. मग टीव्हीवर आपल्या एनडीआरएफची माणसं अदानाच्याच विमानतळावर उतरताना दिसली. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन दोस्त'. दोस्त हा शब्द त्यांच्याकडेही दोस्तच. लेकीनं सांगितलं, ते नाव तिला कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पण मला सगळ्यात नवल वाटलं ते भिशीचं.

विहीणबाईंच्या दहाजणी महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमतात. चप्पल दाराशी, पाहुण्यांसाठी वेगळ्या सपाता, हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या. नाजूक कंबरेच्या पेल्यात चहा. दुधाचं नाव काढायचं नाही. नको असला की पेल्यावर चमचा आडवा ठेवायचा, नाहीतर भरतच राहतात. खायला किसिर, म्हणजे दलियाची टोमॅटो-लिंबू घातलेली कोशिंबीर. माईंच्या मते ती उपम्याची सावत्र बहीण. आणि मग प्रत्येकजण पर्स उघडून घरधनिणीला सोन्याचं नाणं देते! पुढच्या महिन्यात दुसरीचा नंबर.

"पैशांची नाई, सोन्याची भिशी!" माईंनी भिंतीवर टकटक केलं. "अल्तिन ग्युन्यु म्हणतात. अल्तिन म्हणजे सोनं. चेयरेक नाणं असतं, पावणेदोन ग्रॅम, २२ कॅरेट. लग्नातबी तेच, लाल फितीले लावून नवरीले टाचतात. आता भाव पाहून ह्या बाया एक ग्रॅमवर आल्या."

लिरा वितळतो, सोनं वितळत नाही, हे त्या बायकांना कुठल्याही बँकवाल्यानं शिकवलेलं नाही. घराघरांतल्या सोन्याला तिथं 'उशीखालचं' म्हणतात. जळगावच्या सराफ्यात जन्म काढलेल्या बाईला हे ऐकून जो आनंद झाला असेल तो मला दिसत होता. माई तिथं बसल्या, एकेक नाणं हातात घेऊन कड तपासली, आणि तिसऱ्या बाईच्या नाण्याकडे पाहून फक्त "हं" म्हणाल्या. त्या 'हं'वर पुढचे आठ दिवस त्या इमारतीत चर्चा चालली.

"चर्चा तुम्हाला कळायची कशी?"

"तीच तर गंमत आहे ना वहिनी!" माई आणखी जवळ सरकल्या. "आपण म्हणे-म्हणे लावतो ना शेवटी? गेली म्हणे, आली म्हणे. त्यांच्या व्याकरणातच ते बसवलेलं आहे. डोळ्यांनी पाहिलं तर गित्ती, म्हणजे गेली. कानानं ऐकलं तर गितमिश, म्हणजे गेली म्हणे. क्रियापदाले मिश लागलं की समजायचं, आता मजा आहे. मले बाकी भाषा येत नाई, पण मिश ऐकू आलं की मी खुर्ची पुढं ओढायची."

शाळेत आम्हाला काळ शिकवले तेव्हा भिंतीवरचा काळ कोणी शिकवला नाही. तुर्कांनी १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून रोमन घेतली, पण मिश काही सोडलं नाही. गावगप्पांना ते देदिकोदू म्हणतात. शब्द फोडला तर 'म्हणाला' आणि 'ठेवलं'. एकानं म्हटलं आणि तिथंच ठेवून दिलं, पुढच्यानं उचलावं म्हणून. शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या राखेचीही गरज पडते अशी त्यांच्यात म्हण आहे. विहीणबाईंनी ती माईंना सांगितली, तेव्हा माईंनी तिला आमच्या भिंतीचं सांगितलं. साडेचार फुटांचं, गवंड्याच्या चहाचं.

"माझंही सांगितलं?"

"तुमच्याशिवाय भिंत कशी सांगू?"

एवढ्यात आमचे हे पेपर घेऊन बाहेर आले. कोणाची पोर बाहेर राहिली असा विषय निघाला की ह्यांचा गिलसाहेब निघतोच. रॉबर्ट गिल नावाचा कंपनीचा कप्तान १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं उतरवायला आला आणि इथलाच झाला. गावातल्या पारोशी त्याचं सूत जुळलं, तिची समाधी अजिंठा गावात आहे. त्याची बरीचशी चित्रं १८६६ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तो मात्र इथंच राहिला, १८७९ मध्ये गेला, आणि भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत पडून आहे. महानोरांनी त्या दोघांवर आख्खं काव्य लिहिलं. "म्हणजे आपल्याकडेही परका येऊन संसार मांडतोच," असं म्हणून हे आत गेले. दरवेळी एवढंच म्हणतात.

"पारोच्या घरचे काय म्हटले असतील त्या वेळी?" माईंनी विचारलं. ह्यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. गिलबद्दल सांगणारे पुरुष पारोच्या आईचं कधीच काही सांगत नाहीत.

माई अदानाहून निघायच्या दिवशी विहीणबाई तांब्याभर पाणी घेऊन खाली आली. माईंना वाटलं, प्यायला आणलंय. गाडी सुटली तशी तिनं ते पाणी गाडीमागं रस्त्यावर ओतलं. पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये. आपण हातावर दही घालतो तसंच. माई पुढचा तासभर बोलल्या नाहीत, असं लेकीनं मला मेसेजवर कळवलं होतं. मी ते माईंना सांगितलं नाही. सगळंच भिंतीवर ठेवायचं नसतं.

मला एकदम गॅस आठवला. गॅसवर वांगी होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्याची सर नाही, पण बामणोदची पांढरट हिरवी, हातात जड लागणारी वांगी होती. सालं काढली, भाजलेल्या मिरच्या आणि लसूण बडगीत ठेचून घेतला, त्यातच वांगी कुटली, वर पात आणि शेंगदाणे घातले. जाण्याआधी माईंनी चिवडा दिलेलं स्टीलचं ताट नऊ आठवडे माझ्याकडे पडून होतं. ताट रिकामं परत करायचं नाही हे तिथंही आहे म्हणे. त्याच ताटात भरीत घातलं, दोन कळण्याच्या भाकऱ्या ठेवल्या आणि भिंतीवरून दिलं.

तेवढ्यात माईंचा मोबाइल वाजला. लेक होती, आणि तिच्या मागून डोक्याला रुमाल बांधलेली, गोल चेहऱ्याची विहीणबाई डोकावत होती. माईंनी फोन भिंतीवर कढीपत्त्याला टेकवून उभा केला, ताट समोर धरलं, मग मलाही समोर ओढलं. मी नमस्कार केला. विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि एकदम त्यांचे डोळे असे काही मऊ झाले की मला वाटलं, माझ्या घरी कोणी गेलं की काय. मान एका बाजूला कलती करून त्या लेकीला हळूच काहीतरी म्हणाल्या. मला त्यातलं एवढंच नीट ऐकू आलं: गेलिन, धुळे, गितमिश.

लेकीनं ओठ चावला. माईंनी फोन चटकन ताटाकडे वळवला.

"गेलिन म्हणजे काय वं माई?"

"नवरी."

"आणि सुनेला काय म्हणतात?"

माईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भरतात बुडवला आणि तोंडात टाकला. "लसूण जरा जास्त झाला का वं आज?"